पावसाळ्यात एअर रायफलची बॅरल घरी साफ करावी का?

कळंबा रोड: 2024 ला स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं पदक बघितल्यापासून लेकीला नेमबाजीचा नाद लागलाय. सराव कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर, 10 मीटर, हवेच्या सिलिंडरवाली रायफल. पाऊस हटेना, घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत. त्यात तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागलाय. शेजारचे म्हणतात, लोखंडी गजाला चिंधी बांधून शिलाई मशीनच्या तेलानं नळी घासा. करू का? एवढी महागाची वस्तू, हात लावायला भीती वाटते.

जुना रायफलवाला: ताई, गज अजिबात घालू नका. एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, त्यामुळं काजळी नसते. साठतं ते पॅलेटचं, म्हणजे छर्ऱ्याचं, शिसं आणि थोडं वंगण. ते काढायला घासाघाशी लागत नाही. बॅरलच्या तोंडाची कड गजानं जरा जरी दुखावली, तर मागची हवा एका अंगानं आधी सुटते आणि पॅलेट बाहेर पडतानाच कलतं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथं एवढंही पुरतं.

4.5 मि.मी.च्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या मिळतात. चेंबर रिकामं आहे ना ते बघायचं, मागून, म्हणजे पॅलेट भरतो तिथूनच, दोन-तीन गोळ्या घालायच्या आणि रेंजवर टार्गेटच्या दिशेनंच झाडायच्या. पहिल्या काळ्या-करड्या निघतील. पांढऱ्या यायला लागल्या की थांबायचं. साफ केल्यावर पहिली काही पॅलेट इकडंतिकडं जातात, म्हणून मॅचच्या सकाळी हे करू नका.

शिलाईचं तेल हवेच्या वाटेत जाता कामा नये. सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो, एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं. बाहेरच्या लोखंडावर मात्र फडक्यानं पातळ हात फिरवा, घामानं तिथंच गंज धरतो.

राजारामपुरी: पेटीचं तेवढं बघा. आतला फोम ओल धरून ठेवतो. घरी आल्याआल्या पेटी उघडायची, रायफल पुसायची, फोम पंख्याखाली वाळवायचा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. आणि पोरीला जेवणाआधी साबणानं हात धुवायला लावा. शिसं आहे ते.

कळंबा रोड: गज रद्द! पण ग्रुप पसरण्याचं कारण बॅरलच असेल का?

जुना रायफलवाला: आधी नेम धरायच्या साइटचे आणि खांद्याला टेकवायच्या स्टॉकचे स्क्रू कोचसमोर तपासून घ्या. मग पॅलेटचा डबा बदललाय का ते लेकीला विचारा. हे सगळं ठीक असेल तरच बॅरलकडं वळा.

कळंबा रोड: डबा नवीनच आहे दादा, या महिन्यातला. जुन्यातली थोडी शिल्लक आहेत, उद्या दोन्ही मारून बघायला सांगते.