विषय: जुनी गाडी सेल्फ घेत नाही, बॅटरी मात्र नवी

नमस्कार मंडळी,

आमची वीस वर्षांची गाडी आठवडाभर सकाळी चालूच होत नाहीये. किल्ली फिरवली की एकदाच 'टक' वाजतं आणि सगळं गप्प. चार-पाचदा फिरवल्यावर कधी लागते, कधी नाही. बॅटरी तीनच महिन्यांपूर्वी घातली आहे. गॅरेजमधून फोनवरच सांगितलं, स्टार्टर (इंजिनला पहिला फिरवा देणारी मोटर) गेलाय, बदलून टाका. गाडी जुनी असली तरी मला ती टाकायची नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का?

*

ताई,

स्टार्टरला अजून हात लावू नका. आवाजावरूनच बरंच कळतं. 'टकटकटक' असं भराभर वाजलं तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. इंजिन नीट फिरतंय पण लागत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा. तुमचं एकच 'टक' आहे, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचपर्यंत) हुकूम पोचतोय, पण मोटर फिरवायला लागणारा भक्कम करंट कुठेतरी अडतोय. तो स्टार्टरच्या आत अडू शकतो, तसाच वायरीतही. वायर तपासायला खर्च नाही, म्हणून तिथून सुरुवात करा.

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीच्या मोजण्या त्यानंतर.

आता खरी परीक्षा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा (क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. घरातल्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. जास्त दिसला तर अर्थची वायर, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला जोडणारी वायर, खराब. जुन्या गाड्यांत ही वायर बाहेरून धडधाकट दिसते आणि बोल्टखाली गंजलेली असते. माझ्या गाडीची बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलून झाल्यावर दोष तिथे सापडला, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

मीटर नसेल तर जंपर केबलची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या जाड वायरींची) एकच वायर निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या धातूला लावा आणि किल्ली फिरवा. गाडी झटक्यात लागली तर दोष अर्थचाच. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि केबल पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब. लाल खांबाला ती वायर चुकूनही लागू देऊ नका.

*

काकांच्या मेलला एक पुरवणी. अर्थ ठीक निघाली तर किल्ली धरून ठेवायला सांगा आणि स्टार्टरच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. त्याने मोटर फिरली तर बहुधा आतले ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत, मग दुरुस्तीला पर्याय नाही. आणि टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी बसवायचा.

*

काका, दादा, मनापासून आभार!

मीटरवर 12.5 आले, म्हणजे बॅटरी चांगली. किल्ली फिरवताना निगेटिव्ह खांब ते इंजिन तब्बल 3.1 व्होल्ट! जंपर केबल लावली आणि गाडी पहिल्याच फटक्यात लागली. अर्थची पट्टी जिथे इंजिनला बसते, तो बोल्ट सोडवला तर खाली नुसता तपकिरी गंज. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्ट घट्ट आवळला. आता 0.2 येतंय आणि तीन सकाळी गाडी न कुरकुरता लागली. पट्टीच्या टोकाशी मात्र काही तारा तुटलेल्या दिसल्या, त्यामुळे नवी पट्टी मागवली आहे. ती बसवताना बोल्टला ग्रीस आवळण्याआधी लावू की नंतर?

*

नंतर, ताई. आधी धातूला धातू भिडू दे, मग वरून ग्रीस.