प्रागमध्ये रात्री उतरल्यावर मुक्कामी कसे जावे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): मी आणि माझा मित्र व्हिएन्नाहून रेल्वेने रात्री ९ च्या सुमारास प्रागच्या मुख्य स्थानकावर उतरणार आहोत, तिथली भाषा येत नाही, ओळखीचेही कोणी नाही, तेव्हा मुक्कामी कसे जावे?

उत्तर १: स्थानकातच मेट्रोची ‘सी’ मार्गिका असून ती मध्यरात्रीपर्यंत चालते. मात्र कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्रात वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तिकीट खिशात असूनही शिक्का नसल्यामुळे आम्हा दोघांना दंड भरावा लागला, आणि रंकाळ्यावर मित्रमंडळी आजही त्यावरून चिडवतात.

उत्तर २: चेकिया (प्राग ज्याची राजधानी आहे तो देश) शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असला तरी तिथले चलन युरो नसून कोरुना आहे. रस्त्यात नोटा बदलून देऊ पाहणाऱ्यांच्या नादी लागू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आम्ही फक्त युरोच घेतले होते.