मदत हवी आहे: बाळ सहा महिन्यांचं, सोमवारपासून कामावर. केशरी कार्डावर काही मिळेल का?

नमस्कार. आम्ही नवी मुंबईत दिघ्याला राहतो. मी महापे एमआयडीसीत एका छोट्या ऑफिसात बिलिंग बघते. पहिलीच मुलगी, नुकतीच सहा महिन्यांची झाली. २६ आठवड्यांची पगारी रजा संपली, सोमवारी हजर व्हायचंय.

माझा पगार २२,०००, मिस्टर टेम्पो चालवतात, त्यांचे सगळं वजा जाता १८,००० सुटतात. बाळाला सांभाळायला जवळच्या पाळणाघरवाल्या ताई ६,५०० मागतात, दूध-खाऊ आपलं. आई गावी पाटणला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना आमचा जिना चढवत नाही.

सासऱ्यांच्या नावाचं जुनं केशरी रेशनकार्ड आहे, त्यात मिस्टरांचं नाव आहे, माझं अजून चढवलेलं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, केशरी कार्ड आहे म्हणजे मुलींसाठीच्या राज्य सरकारच्या लेक लाडकी योजनेचे एक लाख तुझेच. शिवाय बाळंतिणींसाठीच्या केंद्राच्या मातृवंदना योजनेचे ५,००० वेगळे. नाक्यावरचा झेरॉक्सवाला म्हणतो, दीड हजार द्या, एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढून देतो. मिस्टर तयार आहेत, मला धाकधूक वाटतेय. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? आणि पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारकडून काही मिळतं का?

निवृत्त सेविका:
ताई, आधी अभिनंदन. मी अंगणवाडीत बरीच वर्षं काढली, त्यामुळे फटकळ वाटेल, पण सांगते. वहिनींनी अर्धंच सांगितलं. लेक लाडकी ही पिवळ्या किंवा केशरी कार्डवाल्यांसाठी आहे, आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली हवी, ती तुमची आहेच. पण पैसे एकरकमी मिळत नाहीत. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. तुम्हा दोघांचं मिळून वर्षाला पावणेपाच लाखांच्या घरात जातं. कार्ड केशरी राहिलंय ते सासऱ्यांच्या जुन्या उत्पन्नावर.

मातृवंदनातही तसंच. पहिल्या बाळाला ५,००० दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पण ज्यांना कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा मिळते, त्यांना ते नाही. तुम्हाला ती मिळाली आहे.

दोन पोरींचा बाप:
दाखल्याच्या भानगडीत पडू नका. अर्जासोबत स्वयंघोषणापत्र असतं, त्यावर सही तुमची, झेरॉक्सवाल्याची नाही. पाच हजारांसाठी पहिला खोटा कागद, मग पहिलीत परत, सहावीत परत. अठरा वर्षं ते खोटं कोण सांभाळत बसणार? त्यापेक्षा पोस्टात मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं बचत खातं उघडा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कमीत कमी २५० भरायचे, मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येतं. आम्ही दोघींचीही उघडली. (धाकटीचं मात्र लॉकडाऊनमुळे राहून गेलं होतं, नंतर घाई करावी लागली.)

निवृत्त सेविका:
बरोबर. आणि एक गोष्ट तुमच्या हक्काची आहे, ती सोडू नका. अंगणवाडीला कार्डाचा रंग लागत नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं की घरी न्यायचा आहार सुरू होतो, वजन होतं, लसीची नोंद राहते. बाळाचा जन्मदाखला आणि तुमचं आधार घेऊन जा. मात्र तिथे बसवून ठेवण्याची सोय तीन वर्षांपासून पुढे. काही ठिकाणी पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडूनच पाळणाघर असतं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. तुमच्या भागात आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. सेविकेला माहीत असेलच असं नाही, तिच्या अंगावर इतर कामंच एवढी असतात.

घणसोलीकर:
ऑफिसात किती माणसं आहेत? ५० किंवा जास्त असतील तर मालकाने पाळणाघराची सोय द्यायला हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीपासून हे आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ऑफिसात आम्ही ३८ जण, त्यामुळे ते गेलंच. दाखला काढणार नाही असं मिस्टरांना सांगितलं, थोडा वेळ तोंड पाडून बसले होते.

काल पाळणाघरात चाचणीसाठी दोन तास ठेवून पाहिलं. एकच खोली, सहा मुलं, टीव्ही मोठ्याने चालू, झोळी एकच आणि तीही दुसऱ्या बाळाच्या वाट्याला. आमची मुलगी बाटली तोंडात घेत नाही, वाटी-चमच्यानेच पिते. ताई चांगल्या आहेत, पण एकेकाला वाटी-चमच्याने पाजायला वेळ कुठून आणणार? मी घ्यायला गेले तेव्हा काढून दिलेल्या दुधातलं निम्मं तिच्या अंगावर होतं, आणि ती टीव्हीकडे बघत बसली होती.

घणसोलीकर:
ऑफिस लहान असलं तरी एक मागून बघा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसाला दोन जादा मधल्या सुट्या द्याव्यात, असं कायद्यात आहे. दोन्ही संध्याकाळी जोडून लवकर सोडता का, असं विचारा. लेखी अर्ज द्या, प्रत ठेवा.

धागाकर्ती:
आज दिला. साहेबांनी वाचला, "बघू" म्हणाले, पण शिक्का मारलेली प्रत दिली. प्रकल्प कार्यालयात उद्या मिस्टर जाणार आहेत, टेम्पो दुपारी मोकळा असतो.

आता अडचण वेळेची. मला आठ वाजता दिघा गावहून घणसोलीची गाडी पकडावी लागते, पाळणाघर उघडतं नऊला. दिघा, इलठणपाडा किंवा ऐरोली स्टेशनच्या बाजूला कुणी सकाळी साडेसातपासून बाळ सांभाळणाऱ्या मावशी माहीत आहेत का? मुलं दोन-तीनच असतील तर फार बरं.