छत्तीस इंचाचा एकच ठोकळा

बाळाच्या दुपट्यासाठी बारा इंची नऊ ठोकळे (तुकडे जोडून केलेले नक्षीचे चौकोन) शिवायचं पुष्कळजणी ठरवतात, पण पहिलंच क्विल्ट, म्हणजे आत कापूस घातलेलं पांघरूण असेल तर एवढा व्याप कशाला? 'चर्न डॅश' हा जुना अमेरिकी नमुना घ्या (नाव ताक घुसळायच्या रवीवरून, म्हणजे आपल्या ओळखीचंच!) आणि तो एकच ठोकळा ३६ इंचाचा करा. नऊ ठोकळ्यांचे १५३ तुकडे होतात, इथे फक्त १७.

कोपऱ्यांसाठी गडद आणि फिक्कट रंगाचे प्रत्येकी दोन चौकोन, १३ इंची. गडदावर फिक्कट ठेवून कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घाला, मग रेषेवर कापा. उघडलं की साडेबारा इंचाला छाटायचं. बाजूंना साडेबारा बाय साडेसहाच्या पट्ट्या, दोन्ही रंगांच्या चार-चार; प्रत्येक बाजूला एक गडद, एक फिक्कट जोडून. मधोमध साडेबाराचा चौकोन. तिथे मोठ्या छापाचं कापड लावा, हत्ती अख्खा दिसतो.

एक मात्र माझ्या हातून बिघडलेलं सांगते. कर्णावर कापड तिरकं असतं, ओढलं की ताणतं. बारक्या त्रिकोणात खपून जातं. इथे कर्ण सतरा-अठरा इंचाचा, माझा कोपरा पापडासारखा फुगला. तेव्हापासून कापायच्या आधीच कापडाला खळ घालून कडक इस्त्री करते, आणि शिवणीवर इस्त्री फिरवत नाही, नुसती दाबते.

तुकडे मोठे म्हणून धावदोऱ्यात कंजुषी नको. आतल्या कापसाच्या पाकिटावर टाक्यांच्या दोन ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं, ते बघा. मी गोधडीसारखी कडेपासून आत चौकोनी फेऱ्या घालत जाते.