कांचनजंगा दिसायला विमानात कुठली खिडकी घ्यायची?

तांबडापांढरा
मंडळी, नोव्हेंबरमधे आई-पप्पांना घेऊन दार्जिलिंग-गंगटोकला चाललोय. दोघांचा पहिलाच विमानप्रवास. पप्पा जन्मभर एसटीत खिडकी धरूनच बसलेत, त्यामुळं खिडकी नसली तर मी येत नाही म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय. कोल्हापूर-हैदराबाद आणि तिथनं बागडोगरा (सिलीगुडीजवळचा विमानतळ) असं बघून ठेवलंय, दिल्लीवरनं पण जाता येतंय पण लई वळसा पडतोय. तर कुठल्या बाजूची सीट घ्यावी? सीट निवडायचे वेगळे पैसे लावतायत, म्हणून घ्यायची तर नीट बघून घ्यावी म्हटलं.

उजळाईवाडीकर
भावा सीटचं ऱ्हाऊ दे, आधी रूट बदल. हैदराबादवरनं जाताना तू हिमालयाकडं तोंड करून जाणार, म्हणजे डोंगर पायलटच्या समोर आणि तुझ्या खिडकीत नुसती शेतं. उतरताना विमान वळलं तर दिसलं, नाहीतर नाही. दिल्ली-बागडोगरा म्हणजे पश्चिमेकडनं पूर्वेला, अख्खी रांग डाव्या हाताला, लांबनं का होईना पण बराच वेळ संगतीनं येते. डावीकडं म्हणजे ए अक्षराची सीट. हवा साफ असली तर आधी धौलागिरी, अन्नपूर्णा, मग बऱ्याच वेळानं एव्हरेस्ट आणि उतरायच्या सुमाराला कांचनजंगा. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर असला तरी लांब पडतो, बारका दिसतो, आमच्या पुढच्या सीटवरच्या काकांनी ढग समजून सोडून दिलता. ढग हलतो, कडा विरघळतात, डोंगर तसाच ऱ्हातो आणि त्याच्यावर सावल्या कापल्यासारख्या दिसतात, तेवढं बघायचं. कांचनजंगा ओळखायला मात्र काय लागत नाही, ८,५८६ मीटर आणि जवळ.
सकाळचं विमान घे, ऊन उजवीकडनं येतंय. आणि डिसेंबर-जानेवारीवर ढकलू नको, दिल्लीत धुक्यात तास न् तास बसवतात.

शाहूपुरीची_सून
ए घेतली की झालं असं नाही हं, पंख पण बघा. तीन-तीन सीटच्या विमानात साधारण १० ते २० नंबरच्या ओळीत बसलात तर खाली बघायला गेलं की पंखच दिसतो, जमिनीचं नाव नको. पुढं ३ ते ७ उत्तम. मागं २४च्या पुढं पण चालतंय, पण तिथनं इंजिनच्या गरम हवेमुळं फोटो हलल्यासारखे येतात, तव्यावरची हवा थरथरते ना तसं.
माझं तर गेल्या वर्षी जादा पैसे भरून घेतलेल्या खिडकीला खिडकीच नव्हती!! नुसती भिंत. बोईंग ७३७ मधे पंखाच्या थोडं पुढं एसीचा पाइप भिंतीतनं वर जातो म्हणे, तिथली खिडकी गाळलेली असते. दोन तास प्लॅस्टिक बघत गेले, पैसे परत मागितले तर सीट खिडकीकडचीच आहे म्हणाले, आता बोला. सीट मॅप बघूनच पैसे भरा.

तांबडापांढरा
बापरे, बरं झालं विचारलं. मग जाताना मुंबईवरनं दिल्ली, येताना हैदराबाद असं करतो. पण दोघांना खिडकी कशी द्यायची?

उजळाईवाडीकर
५ए आणि ६ए, एकामागं एक. तू ६बी. येताना बागडोगऱ्यावरनं कुठंबी बस, पण हैदराबाद-कोल्हापूरला उजवीकडची घे, एफ. त्या मार्गावरच्या एटीआरला, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाला, पंख डोक्यावर असतोय, त्यामुळं खालचं सगळं मोकळं दिसतंय, फक्त पंख्याच्या पात्यांच्या ओळीत बसू नको, आवाज पण तिथंच जास्त. उजवीकडं उत्तर येते, म्हणजे कृष्णा-पंचगंगा त्या अंगाला, आणि दुपारनंतर ऊन डावीकडं. नोव्हेंबरात कारखाने सुरू झालेले असतात, उसाचे हिरवे तुकडे, मधेच तोडलेलं रान आणि चिमणीचा धूर, पप्पांना डोंगरापेक्षा हेच जास्त आवडंल बघ.

तांबडापांढरा
बुक केलं, ५ए ६ए. आई म्हणते मला खिडकी नको, भ्या वाटतंय, आणि पप्पा विचारतायत काच सरकती का.