सध्या काय पाहिलंत? घरी, थिएटरात, कुणाबरोबर? – अनुभव धागा

रानजाई
शनिवारी रात्री कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या म्हणून 'थ्री ऑफ अस' लावला, म्हटलं मागे चालू राहील, पण थोड्याच वेळात घड्या राहिल्या बाजूला. शेफाली शहाची शैलजा, विसरायला व्हायची सुरुवात झालेली, लहानपणीची काही वर्षं जिथे गेली त्या वेंगुर्ल्याला एकदा जाऊन येते, नवऱ्याला सोबत घेऊन. गोष्ट म्हणाल तर एवढीच.
माझ्या बाबांची बदलीची नोकरी, आम्हीपण कोकणात थोडी वर्षं होतो. ती जुन्या शाळेत शिरते ना, तिथे मला एकदम आमच्या शाळेची पडवी आठवली, पावसाळ्यात वाळायला उघड्या ठेवलेल्या काळ्या छत्र्यांची रांग, प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलेलं, आणि सगळ्या पडवीभर तो ओल्या कापडाचा वास. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव इतकी वर्षं आठवत नव्हतं ते छत्रीवरच्या अक्षरांसकट आठवलं! नवऱ्याला उठवून सांगितलं, तो बरं म्हणून परत झोपला.
दिग्दर्शक अविनाश अरुण. 'किल्ला' पण त्याचाच, त्यातही कोकण, पाऊस आणि बदलीवाली आई (अमृता सुभाष). मग रविवारी तोही पाहिला, पोरं नाराज, कारण टीव्ही मिळाला नाही.
तर अलीकडे काय पाहिलंत ते लिहा. नवं जुनं काही चालेल. स्टार नकोत, बघताना तुमचं काय झालं ते सांगा.

पक्या सोलापूरकर
थ्री ऑफ अस भारीच. जयदीप अहलावत बँकेतला मॅनेजर आणि फावल्या वेळात कशिदा काढतो, त्याच्या एवढ्या मोठ्या हातात ती सुई बघा फक्त. पाताल लोक वेबसिरीजमधला हाथीराम तो हाच माणूस. आणि पाताल लोकचं दिग्दर्शनपण अविनाश अरुणचं, पहिल्या सीझनला जोडीला प्रोसित रॉय होता. एकच डोकं दोन्ही करतं म्हणजे लै झालं

शेवंती
किल्ला कुठे दिसेल? बर्लिनला बक्षीस मिळालं होतं ना त्याला, २०१४ ला, तेव्हापासून बघायचा राहिलाय. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

मोदक
'दशावतार' पिक्चर, प्लाझा थिएटरला, मामांना घेऊन. मामा आमचे वेंगुर्ल्याजवळचे, तरुणपणी दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करायचे, रात्रभर जत्रेत नाटक आणि सकाळी पेटारे टेम्पोत घालून पुढच्या गावाला. आता गुडघे गेलेत, मुंबईला मुलाकडे असतात, कुठे जायचं म्हटलं की नको म्हणतात. ह्याला मात्र शर्टाला इस्त्री करून तासभर आधी तयार.
पडद्यावर दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावायला बसले आणि मामा पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर. त्यांचा हात बघत होतो मी. अंधारात बोटं आपोआप गालावर फिरत होती, आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. त्यांना कळतपण नव्हतं. मी पिक्चर सोडून मामांकडेच बघत बसलो.
बाहेर आल्यावर एकच वाक्य, 'ह्या वयात ह्यो माणूस काय नाचता रे!' प्रभावळकर १९४४ चे, म्हणजे पिक्चर आला तेव्हा, २०२५ ला, ८१. दुसरा भाग मला जरा ताणलेला वाटला, मामांना अजिबात नाही. घरी येईपर्यंत टॅक्सीत गाऱ्हाणं घालून दाखवत होते, टॅक्सीवाला यूपीचा, तोपण आरशातून बघत होता.

सिंधू
@मोदक मामांना नमस्कार सांग रे. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेव, खरंच ठेव. माझ्या आजोबांचं एकही रेकॉर्डिंग नाही आमच्याकडे.

मोदक
@सिंधू ताई हो, कालच नातीने मोबाईल समोर धरला तर पदर घेऊन बसले

जुई
रानजाई, तू छान लिहिलंयस पण मला नाही बघवणार तो सिनेमा. आईला त्याच विसरण्याच्या आजाराचं निदान होऊन दोन वर्षं झाली. मला ओळखते अजून, पण नावाच्या जागी मावशीचं नाव येतं. सगळे सांगतात बघ बघ सुंदर आहे. असेल. नाही होत.

रानजाई
जुई, नको बघूस गं. खूप प्रेम. आईंना सांभाळतेस तशी स्वतःलाही सांभाळ, रात्री झोप होते का तुझी?

काकडेकाकू
जुई बाळा, मी माझ्या सासऱ्यांचं आठ वर्षं केलं म्हणून लिहिते. आत्ता नको, पण कधी वाटलं तर 'अस्तु' बघ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित असतात आणि गाडीतून उतरून हत्तीच्या मागे चालत निघून जातात. आगाशे स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, त्यामुळे त्या नजरेत खोटं काही नाही. अमृता सुभाषला त्यातल्या माहुताच्या बायकोसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बाई त्या अनोळखी म्हाताऱ्याला जशी जेवू घालते तसं आम्हाला जमायला फार वेळ लागला, आम्ही आधी त्यांना सारखं बरोबर काय ते सांगत बसायचो. आईने मावशीच्या नावाने हाक मारली तर ओ देत जा. मी सासऱ्यांची ताई झाले होते शेवटी, त्यांची मोठी बहीण. मजेत असायचे मग.

जुई
काकू 🙏 वाचलं. ऑफिसात आहे, जास्त लिहीत नाही. ओ देईन.

निनाद
माझं जरा वेगळं. मागच्या आठवड्यात मल्टिप्लेक्सला गेलो चौघं, पॉपकॉर्न आणि दोन थंडं घेतलं तर तिकिटांपेक्षा बिल जास्त, एसी एवढा की बायकोने ओढणी कानाला बांधली आणि पुढचा माणूस अख्खा इंटरव्हल ते शेवट मोबाईलवर क्रिकेटचा स्कोर बघतोय. सांगितलं तर ब्राइटनेस कमी केला, बंद नाही केला. कोणता पिक्चर ते लिहितच नाही, धड बघितलाच नाही तर मत काय देऊ. हे लोक घरी का बघत नाहीत?

सिंधू
त्यापेक्षा लाह्या घरी कराव्यात. कुकरात तेल, हळद, मीठ, मक्याचे दाणे, झाकण नुसतं वर ठेवायचं, लावायचं नाही. तडतड थांबली की गॅस बंद.

शेवंती
हळद तेलातच घालायची का नंतर? माझी करपते

सिंधू
तेलातच, पण दाणे घातल्यावर लगेच, आच मंद

आबा (पुणे)
निनादराव, माणसांमुळे पिक्चर बिघडतो तसा माणसांमुळेच चढतो. 'सांगत्ये ऐका' इथल्या विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. १९५९ चा. मी शाळेत होतो, वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिली एवढंच आठवतं, बैलगाड्या करून खेड्यातली माणसं यायची.
सध्या मुलाने मोठा टीव्ही घेतलाय त्यावर 'सिंहासन' पुन्हा पाहिला. १९७९, जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा विश्वासराव, आणि सगळ्यांच्या मधून फिरणारा निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू. नातू कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो, म्हणाला आजोबा पाच मिनिटं बघतो, आणि शेवटपर्यंत बसला. मध्ये मध्ये मोबाईल काढून हल्लीच्या नेत्यांची नावं सांगत होता, हा म्हणजे तो, तो म्हणजे हा. जेवायला बोलावलं तर ताट घेऊन तिथेच आला. आमच्या दोघांचं इतकं बोलणं गेल्या वर्षभरात झालं नव्हतं, खरं सांगतो.

पक्या सोलापूरकर
आबा कडक 👌 आमच्याकडं सैराटला असंच. २०१६ च्या उन्हाळ्यात, सोलापुरात, झिंगाट लागलं की पब्लिक सगळं पडद्यापुढं, नाणी उडतायत, शिट्ट्या, डोअरकीपरपण नाचतोय. त्याच पब्लिकला शेवटी बघायचं होतं. आवाजच बंद होतो ना शेवटी, ते बारकं पोरगं दारातनं बाहेर जातं तेव्हा. लाइट लागले तरी कोण उठंना. करमाळ्याकडचं शूटिंग, आमच्या ओळखीचे रस्ते, ओळखीची केळीची बागं, ओळखीची भाषा, त्यामुळं ते आपल्याच गल्लीत झालं असं वाटलं. माझा एक मित्र त्या दिवशी घरी बहिणीशी काय बोलला माहीत नाही पण तिचं लग्न तिच्या पसंतीनं झालं, आडव्या आलेल्या चुलत्याला ह्यानंच समजावलं. हे पिक्चरमुळं असं मी म्हणत नाही. पण तो त्या रात्री गाडीवर मागं बसून एक शब्द बोलला नव्हता

वैनगंगा
बाप्पा पक्या, काय लिहिलं. आमच्या घरी पोरीसोबत 'नाळ' अन् लगेच 'नाळ २' झाला. आपल्या इकडची बोली पडद्यावर ऐकली की पोरगी मोठमोठ्यानं हसते, 'आजी बोलते तसं!' ती चिमी झालेली त्रिशा ठोसर, एवढीशी, तिला राष्ट्रीय पुरस्कार भेटला नाळ २ साठी. आता पोरीचं एकच, मले बी पिक्चरमध्ये जायचं. आणि प्रश्न किती, आई तू माझी खरीच आई हाय ना? फोटो दाखवले दवाखान्यातले तेव्हा शांत झाली 😄

फ्लेमिंगो
इकडे न्यू जर्सीत मराठी सिनेमा म्हणजे बहुतेक एखाददुसरा खेळ, तोही आडवेळेला. 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा व्हॉट्सॅपवर एकीने टाकलं, नऊवारी नेसायची, आणि सगळ्या नेसून आल्या, पार्किंगमध्ये नथी सांभाळत. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, गोष्ट माहीत असल्यासारखी, पण वंदना गुप्तेंच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या. संपल्यावर लॉबीत फुगडी झाली, तिथला गोरा मॅनेजर बाजूला खुर्च्या सरकवत उभा, कुणी पडू नये म्हणून. माझी बहीण आणि मी तेव्हा बोलत नव्हतो, घराच्या वाटणीवरून. त्याच रात्री मी पुण्याला फोन लावला. ती पण पाहून आली होती, शेजारणींबरोबर. टडोपा (टचकन डोळ्यात पाणी).

टिंग्या७७
वाळवी बघितला का कुणी? परेश मोकाशींचा, २०२३ चा. आत्महत्येचा प्लॅन म्हणून सुरू होतं आणि एकेक गोष्ट हातातून सुटत जाते. अनिता दाते जबरदस्त. शेवटी जे त्या

शेवंती
टिंग्या, शेवट लिहू नकोस!! आज रात्री बघणार आहे

टिंग्या७७
बरं थांबलो. नाव नीट लक्षात ठेवून बघा एवढंच म्हणतो

चाळकरी
दोन सिनेमे एकाच बाईमुळे. 'लापता लेडीज' घरी पाहिला, छाया कदमची मंजू माई. मग 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' नोव्हेंबर २०२४ मध्ये थिएटरात, हॉलमध्ये जेमतेम दोन ओळी भरलेल्या. कान महोत्सवात २०२४ मध्ये ग्राँप्री पुरस्कार मिळालेला हाच, पायल कपाडियाचा. दोन मल्याळी नर्स आणि त्याच हॉस्पिटलातली स्वयंपाकीण पार्वती, रत्नागिरीकडची. नवरा गिरणी कामगार, तो गेला, आणि राहत्या खोलीचा एक कागद तिच्या नावावर नाही. बिल्डर म्हणतो निघा.
माझी आत्या परळला अशीच राहायची. काका गिरणीत, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. ते गेल्यावर आत्या ट्रंकेतून कागद काढून आम्हाला वाचायला लावायची, रेशनकार्ड, गिरणीचा पास, लाइटबिल, भाडेपावत्या दोऱ्याने बांधलेल्या, म्हणायची ह्यात माझं नाव कुठेतरी असेल बघ. सगळीकडे काकांचंच. शेवटी विरारला गेली भाचीकडे. पार्वतीने त्या होर्डिंगवर दगड मारला तेव्हा मी जोरात 'शाब्बास' म्हणालो, पुढच्या ओळीतली मुलगी दचकून मागे वळली आणि हसली.
छाया कदम कानला आईची साडी आणि नथ घालून गेली होती, तो फोटो मी आत्याला पाठवला. तिचं उत्तर, 'साडी चांगली सांभाळलीये.'

काकडेकाकू
चाळकरी, तुमच्या आत्याला माझा नमस्कार. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही बायकांनी मिळून सगळ्यांची नावं कागदावर लावून घेतली, सोसायटीच्या ऑफिसात किती खेपा झाल्या ते विचारू नका. पण लावली. प्रत्येकीने आपापलं बघून घ्या, आजच.

जुई
बसमध्ये आहे म्हणून लिहिते. थिएटर आठवायचं तर आईबरोबरचा 'श्वास', २००४. आजोबा नातवाला ऑपरेशनच्या आधी शहर दाखवायला घेऊन जातात, दिसतंय तोवर. आईने पिशवीत दोन रुमाल नेले होते, एक मला. अरुण नलावडे आता कुठल्याही मालिकेत दिसले की आई अजून म्हणते, 'परशाचे आजोबा'. बघा ना, हे बरोबर लक्षात आहे तिच्या.

रानजाई
जुई, मग आज घरी गेलीस की आईंना नलावड्यांचं काहीतरी लावून दे

निनाद
वर सगळं वाचून थोडं शांत वाटलं. रविवारी आईबाबांना घेऊन सकाळचा खेळ काढतोय, सकाळी गर्दी कमी असते आणि स्वस्तपण. वयस्कर लोकांना कोणती ओळ बरी, मागची की मधली? बाबांना पायऱ्या होत नाहीत.

मोदक
@निनाद दाराजवळची बघ, कडेची सीट. मामांना तिथेच बसवलं, पाय सोडता येतो. आणि शाल ने, एसी.

शेवंती
वाळवी झाला बघून. बाप रे!!! टिंग्या, आता लिही काय लिहायचंय ते, वेगळ्या धाग्यावर ये