२०११ ची निसान ३७०झेड: बघायला जायच्या आधी

प्रेषक: मांजलपूर
विषय: २०११ ची ३७०झेड, लिफ्टवर काय बघायचं?

मंडळींना सप्रेम नमस्कार,

निसान ३७०झेड ही स्पोर्ट्स कार विकायला आली आहे. मुंबई पासिंग, नोंदणी २०११ ची, सहा गिअरची मॅन्युअल, ४८,००० किलोमीटर, तिसरा मालक. सर्व्हिस बुकात २०१७ नंतरचा शिक्का नाही. गाडी २०२३ पासून इथेच बडोद्यात, अकोट्याला बंगल्याच्या आवारात उभी असते. मालक ती लिफ्टवर चढवू द्यायला तयार आहेत. रविवारी सकाळची वेळ ठरली आहे.

मकरपुऱ्याच्या काकांना विनंती, की इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये नेमकं काय तपासायचं ते सांगावं. पार्ट्सचं शारजाच्या ताईंनी आणि कागदपत्रांचं दांडिया बाजारच्या भाऊंनी लिहिलं तर फार मदत होईल.

---

प्रेषक: मकरपुरा
विषय: उत्तर: २०११ ची ३७०झेड, लिफ्टवर काय बघायचं?

शिक्के नाहीत म्हणून गाडी सोडू नकोस, पण इंजिनाचं एकही मोठं काम झालेलं नाही असं धरूनच भावाला बस. झालं असेल तर बिल दाखवायची जबाबदारी त्यांची.

या गाडीच्या व्हीक्यू३७ इंजिनाची खरी दुखरी जागा एकच, ती नीट समजून घे. पुढच्या टायमिंग कव्हरच्या (टायमिंग चेनवरच्या झाकणाच्या) आत, तेल वर कॅमकडे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांकडे, जातं त्या वाटांवर छोटी झाकणं आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत त्या झाकणांखाली कागदी गॅस्केट आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो कागद दोन बोल्टांच्या मधल्या भागात फाटतो आणि दाबाखालचं तेल तिथून निसटून परत खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडतं. गळती आतल्या आत असते. जमिनीवर थेंब नाही, डिपस्टिकवर तेल बरोबर खुणेला, आणि तरी वर कॅमपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. म्हणूनच गॅरेजवाले फसतात. आधी कॅमच्या टायमिंगच्या बिघाडाचे पी००११ किंवा पी००२१ हे कोड कॉम्प्युटरमध्ये येतात, मग कोणीतरी सेन्सर बदलतो, कोड पुसतो, आणि गाडी विकली जाते.

डॅशबोर्डवर मधोमध तीन गोल आहेत: तेलाचं तापमान, व्होल्ट आणि घड्याळ. तेलाच्या दाबाचा काटा नाहीच. दाबाचा लाल दिवा आहे, पण तो पेटतो तेव्हा बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. तेव्हा मेकॅनिकल गेज लावल्याशिवाय या गाडीचा सौदा करायचा नाही. ऑइल प्रेशर सेन्सर काढायचा, त्या जागी ॲडॉप्टर लावून गेजची नळी जोडायची, आणि गाडी अर्धा तास चालवून तेलाचा काटा ९० अंशांच्या वर गेला की वाचायचं. थंड इंजिनावर घट्ट तेलामुळे दाब छान दिसतो, त्याला काही अर्थ नाही. गरम इंजिनाला आयडलवर किमान १५ पीएसआयच्या आसपास आणि २,००० आरपीएमला ४३ च्या वर दाब हवा. आयडलला ८ किंवा १० दिसले तर कव्हर उघडावंच लागणार.

दुरुस्तीत धातूची पट्टी असलेली सुधारित गॅस्केट येतात. ती स्वस्त आहेत, महाग आहे तिथपर्यंत पोचणं. कूलंट काढा, पंखे काढा, पट्टा आणि क्रँक पुली काढा, मग कव्हर. इतकं उघडल्यावर चेनचे टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलायचे, कारण पंप टायमिंग चेनवरच चालतो आणि तो पुढे बिघडला तर पुन्हा बरंच उघडावं लागतं. काम आधी झालंय का ते बघायला कव्हरच्या कडेने टॉर्च फिरव. कंपनीचा सिलिकॉनचा थर बारीक आणि एकसारखा असतो. कुठे जाड, वेगळ्या रंगाचा, बाहेर दाबून आलेला दिसला तर कव्हर उघडलेलं आहे. मग कशासाठी उघडलं आणि कोणती गॅस्केट घातली, ते विचार.

दुसरी जागा क्लच. याचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग, बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती बसतो. त्याचं सील गेलं की पेडल खाली जाऊन तिथेच राहतं. क्लचच्या वेगळ्या डबीचं झाकण उघड. आतलं द्रव काळं असेल तर सील झिजतंय. मग सपाट जागी इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, अशी दोन मिनिटं थांब. गाडी हळूच पुढे सरकायला लागली तर दाब टिकत नाही. खालून बेल हाउसिंगच्या तळाला ओल आहे का तेही बघ. सिलिंडर स्वतः मोठ्या किमतीचा नाही, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट एकदमच बदलायची आणि फ्लायव्हील तपासायचं. गिअरबॉक्समध्ये सुमारे तीन लिटर ७५डब्ल्यू-८५ तेल लागतं, जीएल-४ प्रतीचं. दुकानदार जीएल-५ हातात ठेवेल, घेऊ नकोस. त्यातलं रसायन पितळी सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवणाऱ्या कड्या, खातं.

तिसरं, इलेक्ट्रिक स्टीअरिंग लॉक. सुरुवातीच्या गाड्यांत तो अडकतो आणि बटण दाबलं तरी काही होत नाही, डॅशवर चावीचा दिवा लागून राहतो. लोक बॅटरी बदलत बसतात. लॉक उघडा असताना त्याचा फ्यूज काढून ठेवला की तो उघडाच राहतो. फ्यूज आधीच काढलेला सापडला तर तो दोष नाही, मालकाने शहाणपणा केलाय. फक्त वायरिंग कापून काही केलेलं नाही ना, ते बघ.

बाकी पटकन: मागच्या डिफरन्शियलच्या बुशमध्ये द्रव असतं, तो फाटला की भोवती काळा ओघळ दिसतो आणि गिअर टाकताना मागून ठक्क होतं. टायर आतल्या कडेने झिजलेत का, हात घालून बघ. बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. इतक्या कमी चाललेल्या गाडीला रबर भरपूर आणि वय दहा वर्षं असं सहज असतं. असले टायर ओल्या रस्त्यावर धोक्याचे, ३३० हॉर्सपॉवर मागच्या दोन चाकांवर जातात. कॉम्प्रेशन काढलंस तर सहा सिलिंडरमधला फरक १४ पीएसआयच्या आत हवा.

आणि गाडी २०२३ पासून अकोट्याला आहे म्हणतोस. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तिथे कुठवर आलं होतं ते तुला माहीत आहे. ही गाडी इतकी बुटकी, की गुडघाभर पाणीही थेट सीटच्या खाली पोचतं. दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे मातीची रेघ राहते, कारण गाडी धुणारा बेल्ट तेवढा ओढत नाही. पायाखालचं कार्पेट उचलून खालच्या फोमला नाक लाव. सीटखालच्या पिवळ्या एअरबॅग कनेक्टरमध्ये हिरवट गंज आहे का बघ. डिफरन्शियलचा वरचा प्लग उघडून बोट घाल, तेल दुधी असेल तर पाणी शिरलेलं आहे. पाण्यातली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस, ती तीन वर्षं रोज वायरिंगचा नवा बिघाड दाखवते.

---

प्रेषक: मांजलपूर
विषय: उत्तर: उत्तर: २०११ ची ३७०झेड

काका, मनापासून आभार. दोन शंका. सेन्सर काढून गेज लावायला मालक नाही म्हणाले तर? आणि आपल्या मे महिन्यात ही गाडी तापते का?

---

प्रेषक: मकरपुरा
विषय: उत्तर: उत्तर: २०११ ची ३७०झेड

नाही म्हणाले तर कव्हर उघडण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून बोल. त्यावरही नाही म्हणाले तर चहा पिऊन नमस्कार कर.

तापमानाचं: कूलंट तापत नाही, तेल तापतं. ४३ अंशांच्या दुपारी अहमदाबाद एक्सप्रेसवेवर सरळ वेगात चाललास तरी तेलाचा काटा ११० ते ११५ पर्यंत जातो, ते चालतं. ट्रॅकवर किंवा घाटात सतत वरच्या आरपीएमला ठेवलीस तर तो १४० कडे जातो, आणि तिथे कॉम्प्युटर स्वतःच आरपीएम कापतो. उपाय म्हणजे २५ रांगांचा ऑइल कूलर, पण थर्मोस्टॅट असलेल्या प्लेटसह. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत तेल कधी पुरेसं गरमच होत नाही आणि त्यातली ओल उडत नाही. शहरातच वापरणार असशील तर कूलर नको, चांगलं फुल सिंथेटिक तेल ५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदल. फिल्टरसह सुमारे पाच लिटर लागतं. इथल्या उन्हाला ५डब्ल्यू-४० मला जास्त पटतं.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच. सध्याचं पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ही गाडी १० टक्क्यांपर्यंतच्या हिशेबाने बनलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरलेली ठेव, आणि इंधनाच्या रबरी नळ्या दर वर्षी हाताने दाबून बघ. चिकट किंवा फुगलेली लागली की बदल.

---

प्रेषक: शारजा
विषय: उत्तर: पार्ट्स

नमस्कार मंडळी,

३७०झेड आखातात खूप विकली गेली, त्यामुळे नवे आणि जुने दोन्ही पार्ट्स इथे मिळतात. इंजिनाचे सगळे भाग, गॅस्केट, चेन, टेन्शनर, वॉटर पंप, क्लच, स्लेव्ह सिलिंडर, ब्रेक डिस्क आणि पॅड, यात डाव्या-उजव्या स्टीअरिंगचा फरक पडत नाही. इथून निर्धास्त मागवा. फक्त चॅसिस नंबर पाठवा, त्यावरूनच पार्ट नंबर काढायचा. फोटोवरून मागवू नका. समोरचे ब्रेक दोन मापांचे आहेत, स्पोर्ट पॅकेजच्या १९ इंची चाकांसोबत ३५५ मिमी डिस्क येते. टायरही तिथे पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५, म्हणजे पुढचे मागे फिरवता येत नाहीत.

हेडलाइट मात्र इथून घेऊ नका. इथल्या दिव्यांचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो. आपल्याकडे डावीकडून गाडी चालते, तेव्हा तोच झोत समोरच्याच्या डोळ्यात जाईल. काच बदलून किंवा बल्ब फिरवून ते दुरुस्त होत नाही. दिवे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा जपानमधून मागवायचे. क्लचच्या मास्टर सिलिंडरपासूनच्या नळ्या आणि डॅशचे भागही तसेच.

काही जण मला विचारतात की पूर्ण गाडीच इथून पाठवता येईल का. नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टीअरिंगची हवी. इथल्या गाड्या डाव्या स्टीअरिंगच्या. कार्नेटवर, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाच्या कागदावर, आत आलेली परदेशी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, ती परत बाहेर नेण्याच्या अटीवरच आलेली असते.

---

प्रेषक: दांडिया बाजार
विषय: उत्तर: कागदपत्रं

आरसीवर सर्वात आधी मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०११ च्या गाडीची २०२६ मध्ये संपते. नूतनीकरण फॉर्म २५ वर, फिटनेस तपासून, पाच वर्षांसाठी होतं. इथे एक मोठा आकडा आहे. ३७०झेड पूर्ण तयार स्थितीत आयात होऊन विकली गेली. १५ ते २० वर्षांच्या आयात चारचाकीची नूतनीकरण फी १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, साध्या देशी कारची ५,०००. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. हे कोण भरणार ते टोकन देण्याआधी लिहून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: नूतनीकरण विकणाऱ्याने मुंबईला करावं, चलनं भरावीत, कर्ज असेल तर फॉर्म ३५ ने बोजा उतरवावा, फॉर्म २८ ची एनओसी हातात द्यावी, आणि मगच उरलेले पैसे.

गाडी २०२३ पासून बडोद्यात आहे आणि पासिंग अजून मुंबईचं आहे, हेही खटकतं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. दरजीपुऱ्याच्या आरटीओत नव्या नंबरचा फॉर्म २७ आणि मालकी बदलाचे २९ आणि ३० एकत्र द्या. गुजरातचा कर मूळ किंमत आणि वय यांवर निघतो, म्हणून मूळ इनव्हॉइस मागा. नसेल तर हिशेब अडतो. चॅसिस नंबरचा पेन्सिलने ठसा स्वतः काढून आरसीशी अक्षर अक्षर ताडा.

विम्याच्या पॉलिसीवर नो-क्लेम बोनस किती आहे ते बघा. सप्टेंबर २०२४ नंतरच्या पॉलिसीत तो शून्यावर आला असेल तर काकांची सीटबेल्टची तपासणी दोनदा करा. बोनस विकणाऱ्याचा असतो, तुम्हाला मिळणार नाही. पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्या.

---

प्रेषक: फतेगंज
विषय: उत्तर: ईव्हो का नको?

साधारण त्याच काळातली लॅन्सर ईव्होल्यूशन टेन सुद्धा भारतात विकली गेली. चार दारं, चारही चाकांना ताकद, दोन लिटरचं टर्बो इंजिन. तिचाही विचार व्हावा.

---

प्रेषक: मकरपुरा
विषय: उत्तर: ईव्हो का नको?

गाडी उत्तम आहे, पण दुखणी वेगळी. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या एवायसी यंत्रणेचा पंप खाली चिखल-पाण्याच्या माऱ्यात असतो. तो गंजून गेला की डॅशवर इशारा येतो, आणि नवा पंप फार महाग. ड्युअल क्लचच्या एसएसटी गिअरबॉक्सला ठरलेलंच तेल आणि फिल्टर वेळेवर लागतात. रावपुऱ्याच्या गर्दीत तो तापतो. झेडची दुखणी साधा चांगला मेकॅनिक निस्तरू शकतो, एसएसटी उघडणारे हात आपल्याकडे फार थोडे. बडोद्यात ठेवायची तर मी मॅन्युअल झेडच घ्यायला सांगेन.

मांजलपूर, शनिवारी रात्री मालकांना फोन करून सांग, की रविवारी सकाळी गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्या दिवशी पुढे काही तपासू नकोस, दुसऱ्या दिवसाची वेळ घे. थंड असेल तर पहिल्या स्टार्टला समोर, कव्हरजवळ कान ठेवून उभा राहा. चेनची खडखड ऐकू येते ती पहिल्या दोन-तीन सेकंदांतच. गेज आणि ॲडॉप्टर गॅरेजवर ठेवलेत, शनिवारी सात वाजेपर्यंत घेऊन जा.